चांदणीचा डावा पाय : माथेरानच्या एका घोडीच्या खुरातलं गळू

पार्श्वभूमी

माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पायी जा, अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेची शटल पकडा, हल्ली थोड्या ई-रिक्षाही झाल्यात, नाहीतर घोडा. 2003 पासून हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, पण गाडीबंदी त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळे इथला घोडा लग्नाच्या वरातीतला नाही आणि शर्यतीतलाही नाही. तो रोज चढ-उतार करणारा कामकरी आहे. त्याचा पाय बंद म्हणजे घरातली चूल निम्मी बंद.

हे प्रकरण ज्या घोडीचं आहे तिला मी, तिच्यावर उपचार करणारा जनावरांचा डॉक्टर, इथे चांदणी म्हणतो. खरं नाव वेगळं आहे आणि घरची ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत. नऊ वर्षांची, कुमाईत म्हणजे गडद तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, वजन अंदाजे तीनशे किलो. घरात दोनच जनावरं. मालक साठीच्या आसपासचे, मी त्यांना मामा म्हणतो. फेऱ्या मारतो तो त्यांचा मुलगा.

महिना जुलै. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे बंद असते, पण शनिवार-रविवारी धुकं बघायला येणारी गर्दी काही कमी होत नाही. खुरांसाठी मात्र हे दिवस वाईट. खूर म्हणजे आपल्या नखासारखंच केराटिन, आणि ते पाणी पितं. चार महिने ओल्या लाल मातीत उभं राहिलं की खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात ती पांढरी रेघ मऊ पडते. जांभ्याचा बारीक टोकदार खडा तिथे सहज रुततो, आणि वरून तीनशे किलोंचा भार त्याला आत ढकलत राहतो. पेव्हरच्या रस्त्यावर घोडे घसरतात म्हणून घोडेवाले भांडतात, तो वाद न्यायालयापर्यंत गेला. पण त्या वादात तबेल्यातल्या जमिनीबद्दल कुणी बोलत नाही. चांदणीच्या तबेल्यात मागच्या बाजूला उतार नव्हता. मूत आणि शेण तिथेच साचायचं.

आणखी एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. नालबंद खालून येतो, साधारण दीड महिन्यातून एकदा. चांदणी लंगडायला लागली त्याच्या नऊच दिवस आधी तिला नवे नाल ठोकले होते.

काय झालं

रविवारी दुपारी दस्तुरीहून एका कुटुंबाला घेऊन येताना तिने डावा पुढचा पाय आखडता घ्यायला सुरुवात केली. मुलाने उतरवून घेतलं, खुरात काही अडकलंय का ते आकड्याने बघितलं. काही नव्हतं. संध्याकाळी मामांनी खांद्यावर हात फिरवला आणि निदान केलं, खांदा भरलाय. तेल लावून चोळलं. गावातल्या एका जाणकार माणसाने दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं. बाटली माणसांच्या औषधाच्या दुकानातली, म्हणजे बहुतेक डायक्लोफिनॅक. (जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांच्या बाटलीतून ते अजून गोठ्यात येतंच.)

सोमवारी चांदणी जवळजवळ सरळ चालली. तिने दोन फेऱ्या मारल्या.

मंगळवारी सकाळी ती तीन पायांवर उभी होती. बुधवारी पुन्हा इंजेक्शन, पुन्हा थोडा आराम. गुरुवारी घोट्याच्या वर, कंडरांच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या) जागी सूज आली तेव्हा मुलाने मला फोन केला.

फोनवरची माझी चूक

तो म्हणाला, "डॉक्टर, पायाला सूज आहे, घोट्याच्या वर. हात लावू देत नाही. खांदाही भरलाय असं बाबा म्हणतात."

मी सूज हा शब्द ऐकला आणि कंडरा धरून बसलो. ओल्या रस्त्यावर घसरली असेल, कंडरा ताणली असेल. गार पाण्याची धार धरा, पूर्ण विश्रांती द्या, मी शनिवारी येतो, असं सांगून फोन ठेवला. खालची कामं होती आणि पाऊस मुसळधार होता. ही कारणं खरीच आहेत. पण एक प्रश्न मी विचारला नाही : दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवून बघ, डावा जास्त गरम लागतो का? त्याला दहा सेकंद लागली असती.

पुढच्या पायाने एकाएकी लंगडणाऱ्या घोड्यात आधी खूर बघायचं, मग वर जायचं, हे आम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून ऐकत आलेलो असतो. खुरात पू झाला की सूज खुराला येऊच शकत नाही, ती पेटी कडक असते. मग ती वर, घोट्याच्या आजूबाजूला दिसते आणि बघणाऱ्याला फसवते. मामा खांद्यापाशी फसले, मी कंडरेपाशी. अंतर फार नाही.

शनिवारची तपासणी

तबेल्यात चांदणी डावा पाय पुढे काढून, फक्त खुराचं टोक टेकवून उभी होती. नाडी मिनिटाला 56. आरामातल्या घोड्याची ती 28 ते 44 असते, म्हणजे दुखणं बरंच होतं. अंगाचं तापमान 100.8 फॅरनहाइट, घोड्याच्या नेहमीच्या मर्यादेतलं. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली तर खुराकडे जाणारी नाडी टकटक आपटत होती. ही नाडी निरोगी घोड्यात शोधूनही नीट लागत नाही. डावं खूर उजव्यापेक्षा उघड गरम. कंडरा एकेक करून दाबल्या. सुजेत बोट रुतत होतं, पण कंडरा दाबल्यावर ती दचकली नाही.

मग खुराचा चिमटा. टाचेकडून सुरुवात करून दोन-दोन बोटांवर दाबत गेलो. टाच, काही नाही. मधली पुतळी, म्हणजे तळव्यातला तो त्रिकोणी रबरासारखा भाग, काही नाही. बाहेरच्या बाजूला, टोकापासून थोडं मागे दाबलं आणि तिने पाय असा हिसकला की मुलगा मागच्या भिंतीला टेकला.

आपल्या बोटाला नखुरडं होतं तेव्हा रात्रभर झोप लागत नाही. त्याच बोटावर सगळं शरीर तोलायचं असेल तर काय होईल, ते तिच्या उभं राहण्यात दिसत होतं.

बाकीचे पायही उचलून बघितले. मागच्या दोन्ही पुतळ्यांच्या खाचांत काळा, ओला, सडका वास मारणारा थर होता. पावसाळ्यात खूर सडतं ते हेच. यानेही पुढे लंगडतात, पण असं एकाएकी तीन पायांवर येत नाहीत. सांगायची गोष्ट एवढीच की तबेल्याची जमीन सगळ्या पायांना सारखीच त्रास देत होती.

पर्याय

मनात चार गोष्टी होत्या. गळू सगळ्यात शक्य. दुसरी, खुराच्या आतल्या हाडाला तडा, कारण तोही असाच एकाएकी लंगडवतो. तिसरी, खुराची जळजळ, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात. त्यात बहुतेक वेळा दोन्ही पुढचे पाय दुखतात आणि घोडा भार मागे टाकून उभा राहतो. इथे एकच पाय होता. चौथी आणि सगळ्यात भीतीची, पुतळीतून खिळा खोल जाऊन आतल्या सांध्याला इजा. पुतळी स्वच्छ होती, म्हणून ती मागे पडली.

एक्स-रेसाठी मुंबईला, परळच्या जनावरांच्या रुग्णालयात नेता आलं असतं. पण आधी दस्तुरीपर्यंत तीन किलोमीटर तीन पायांवर, मग टेम्पो, मग घाट. हाडाला तडा असता तर त्या चालीनेच तो वाढला असता.

दुसरा मार्ग, काही न उघडता शेक देत थांबायचं. पू आपोआप कुठूनतरी फुटतोच. पण खालून वाट मिळाली नाही तर तो भिंतीच्या आतून वर चढतो आणि केस संपतात त्या कडेला फुटतो. तोवर दिवस जातात, आणि चांगल्या पायावर दुप्पट भार पडत राहतो. त्या पायाला लॅमिनायटिस झाला तर मूळ गळवापेक्षा ते कितीतरी वाईट.

तिसरा मार्ग, नाल काढून तिथेच उघडायचं. पण नाल काढला तर तो परत ठोकायला नालबंद कमीत कमी तीन आठवडे येणार नव्हता. मामांचा जीव इथे अडकला होता. पंधरा ऑगस्टची गर्दी डोळ्यांसमोर होती. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "काढा. पण त्याला सोडणार नाही मी. खिळा आत घातलाय त्याने."

नाल काढताना

खिळा आत गेल्याची शंका मलाही होती. नऊ दिवसांचा हिशोब बरोबर बसत होता. नाल एकदम उपटून काढला तर ही शंका कायमची तशीच राहते. म्हणून भिंतीबाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं आधी कानशीने घासून सरळ केली आणि एकेक खिळा वेगळा ओढला. मुलाने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर खिळे त्याच क्रमाने मांडले, बाहेरचे चार एका ओळीत, आतले तीन दुसऱ्या. प्रत्येक खिळा बोटावर फिरवून बघितला, नाकाशी नेला. पू झालेल्या जागेतला खिळा ओला निघतो, काळसर, आणि त्याचा वास लपत नाही.

सातही खिळे कोरडे होते.

मामांनी ते स्वतः हातात घेऊन बघितले. काही बोलले नाहीत, पण नालबंदाचं नावही पुन्हा निघालं नाही. माझ्या मते त्या दिवसातलं हे सगळ्यात उपयोगाचं काम. नालबंदाशी भांडण झालं असतं तर पुढच्या वेळी तो या तबेल्यात आला असता का, कोण जाणे, आणि डोंगरावर दुसरा होता कुठे?

तळवा धुऊन वरचा थर सुरीने खरवडला तेव्हा चिमट्याने दाखवलेल्या जागीच, पांढऱ्या रेघेत, तिळाएवढा काळा ठिपका दिसला. कोरला तर आतून ज्वारीच्या दाण्याएवढा तांबडा खडा निघाला. त्याच्यामागे काळी रेष वर जात होती. तिच्या मागोमाग बारीक सुरीने गेलो. साधारण एक सेंटिमीटर आत गेलो तरी पू नाही. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असूनही घोडी पाय ओढू लागली.

इथे थांबायचं की पुढे जायचं? हात म्हणत होता अजून दोन मिलिमीटर. पण भोक मोठं झालं किंवा रक्त आलं की तळव्यातून आतला जिवंत भाग बाहेर डोकावतो, आणि मग गळवापेक्षा ती जखम भरायला जास्त वेळ घेते. मी थांबलो. भोक करंगळीच्या नखापेक्षा लहानच ठेवलं.

रात्रभर ओढून काढायचं काम शेकावर सोडलं. बादलीत सोसवेल इतकं गरम पाणी, त्यात मूठभर एप्सम सॉल्ट, वीस मिनिटं पाय आत. मग त्याच पाण्यात भिजवलेला कापूस भोकावर, त्यावर लहान बाळाचा डायपर, वर चंदेरी चिकटपट्टीचे आडवेउभे थर आणि सगळ्यात बाहेर खताच्या गोणीचा जाड तुकडा. डायपर आणायला मुलगा बाजारात गेला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कितवा महिना?" "नऊ वर्षांची आहे," हे त्याचं उत्तर त्या दिवसापासून गावात फिरतंय.

धनुर्वाताची लस कधी दिली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा प्राणी गोठ्यात सापडत नाही, म्हणून लस आणि तयार प्रतिविष दोन्ही दिलं. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, मोजक्या दिवसांचं. अँटिबायोटिक दिलं नाही. मामांना ते पटलं नाही. "एवढा पू, आणि एक सुई नाही?" पण कडक भिंतीत कोंडलेल्या पुवापर्यंत रक्तातून औषध धड पोचत नाही. उलट गळू अर्धवट दबतं आणि आठवड्याने परत डोकं वर काढतं. ताप असता किंवा सांध्याची शंका असती तर गोष्ट वेगळी.

सगळा भार पेलणाऱ्या चांगल्या पायासाठी दोन सूचना दिल्या. तबेल्याच्या कोरड्या कोपऱ्यात भाताच्या तुसाची वीतभर गादी, आणि काम बंद असेपर्यंत चंदीतला हरभरा जवळजवळ बंद, फक्त सुकं गवत. बसून खाणाऱ्या घोड्याला नेहमीची चंदी चालू ठेवली तर लॅमिनायटिसला आपणच बोलावणं धाडतो.

रविवारी सकाळी फोन आला. डायपरवर करडा-काळा डाग, वास उभा राहू देत नाही, आणि चांदणीने टाच टेकलीय.

पट्टी सुटली

हे प्रकरण इथे संपलं असतं तर मी ते लिहिलंही नसतं.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, घोडी तबेल्यात मोकळी चालत होती. पट्टी भिजून ओघळली होती. मुलाने ती काढली आणि नवी बांधली नाही. त्याच्या दृष्टीने पाय बरा झाला होता. त्याने तिला पाण्यावर नेलं, येताना लाल चिखल भोकात गच्च बसला. वाट बंद झाली. सोमवारी ती पुन्हा तीन पायांवर.

मी मंगळवारी वर पोचलो तेव्हा खुराच्या वरच्या कडेला, अगदी त्याच रेषेत, बोटाखाली मऊ लागत होतं. बादलीत पाय ठेवून शेक चालू असतानाच ते फुटलं आणि पाण्यात करडी रेघ पसरली. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. खालून भोक, वरून भोक. त्याला मी रागावलो नाही. पट्टी मी बांधली होती, त्याच्याकडून बांधून घेतली नव्हती. खाली उतरताना "रोज बदल" एवढं म्हणालो होतो. किती दिवस, कधीपर्यंत, भोक कोरडं आणि कडक झालं हे बोटाला कसं कळतं, यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

या वेळी सगळं त्याच्या हातून करून घेतलं. खालचं भोक मोकळं करून मीठपाण्याने दोन्हीकडून धुतलं. पट्टी चार दिवस रोज, मग दोन दिवसांआड, आणि खालची जागा खणखणीत कोरडी होईपर्यंत चिखलात पाय नाही. मागच्या पुतळ्यांना कापसावर आयोडीन. तबेल्याच्या मागच्या बाजूला बापलेकांनी जांभ्याचे चिरे बसवून उतार दिला आणि चर काढली. तो खर्च पंधरा ऑगस्टच्या एका फेरीतून निघाला असता, हे मामांनी दोनदा बोलून दाखवलं.

परत कामावर

पंधरा ऑगस्ट चांदणीने तबेल्यातच काढला. त्या शनिवार-रविवारी घरातला दुसरा घोडाच फिरला. शेजाऱ्याने आपला एक घोडा अर्ध्या वाट्यावर दिला, तेव्हा कुठे घराचं गणित जुळलं. मामा मला फोनवर फक्त एवढं म्हणाले, "तुम्ही म्हणाल तेव्हा."

नालबंद ऑगस्टच्या मध्यावर आला. मुलाने ते सात खिळे कागदात गुंडाळून ठेवले होते, ते त्याला दाखवले. त्याने बाहेरच्या बाजूचे खिळे थोडे मागे घेतले आणि भोकावर आयोडीनचा कापूस दाबून तळव्याला चामड्याचा तुकडा घातला. पहिला आठवडा रिकामी, हाताला धरून. दुसरा आठवडा हलकं माणूस, एकच फेरी, सपाट वाट. सप्टेंबर संपता संपता ती पूर्ण कामावर होती.

आज तेच प्रकरण आलं तर

फोनवरच तीन गोष्टी विचारेन : नाल कधी ठोकले, दोन खुरांत गरम कुठलं, घोट्यामागची नाडी उडतेय का. नाडी कशी धरायची ते वर फेरी मारायला जातो तेव्हा आता मी पोरांना दाखवून ठेवतो. ती एकदा बोटाला कळली की विसरत नाही. या तीन उत्तरांवर मी गुरुवारीच निघालो असतो. दोन दिवस वाचले असते, वरचं भोक कदाचित टळलं असतं.

पहिल्या इंजेक्शनबद्दल माझं मत कडक आहे. दुखणं कमी झालं म्हणून सोमवारी दोन फेऱ्या झाल्या. त्या दोन फेऱ्यांत खडा किती आत गेला कुणास ठाऊक. दुखणाऱ्या पायाला औषध द्यायचं असेल तर खूर बघून झाल्यावर, आणि औषध चालू असताना काम नाही.

शनिवारी एक सेंटिमीटरवर थांबलो, ते मला आजही बरोबर वाटतं. माझा एक सहकारी म्हणतो, नेता येणारं एक्स-रे यंत्र मागवून मगच सुरी लावायला हवी होती. असेल. त्या पावसात ते यंत्र दस्तुरीहून तबेल्यापर्यंत डोक्यावर कोण आणणार होतं, हा माझा त्याला प्रश्न आहे.

सध्याची स्थिती

वरच्या कडेला पू फुटला तिथे भिंतीत एक आडवी चीर राहिली. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतं. दिवाळीत मी गेलो तेव्हा मुलाने पाय उचलून मोजपट्टी लावून मोजलं, चीर केसांच्या कडेपासून 27 मिलिमीटर खाली आली होती. खाली जाता जाता उन्हाळ्यात ती खिळ्यांच्या ओळीत येईल. तेव्हा त्या जागी खिळा ठोकायचा नाही, हे नालबंदाला मीच सांगणार होतो. तोवर मामांनी ते खडूने तबेल्याच्या फळीवर लिहूनही ठेवलं होतं.